पाहुण्यांपुरता चेहरा

माझ्या अक्काचं तोंड पहिल्यांदा सुजलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि मी बारा. मुरमं गावातल्या सगळ्याच पोरींना यायची, चार दिवस राहायची आणि जायची. अक्काची तशी नव्हती. तिच्या गालांत कातडीखाली हरभऱ्याएवढ्या गाठी धरायच्या, लालबुंद, हात लावला तर गरम. एक बसते न बसते तोच शेजारी दुसरी उठायची. गाल उशीला टेकला की ती 'स्स' करायची, आणि मला त्या आवाजाचा राग यायचा. माझा स्वभाव तेव्हाही तापटच होता.

आमचं गाव वसमत तालुक्यातलं, हळदीचं. आबा, म्हणजे आमचे वडील, तीन एकर हळद लावायचे. हळद पिकवणाऱ्याच्या घरात दुसऱ्या औषधाला मान नसतो. बोट कापलं, हळद. घसा धरला, हळद. बैलाचा खांदा सोलला, हळद अन् तेल. मग अक्काच्या तोंडाला दुसरं काय लागणार? माय ओली हळद पाट्यावर वाटायची, त्यात साय कालवायची आणि तिच्या गालांवर थापायची. तासाभराने धुतलं की पिवळ्या कातडीवर त्या लाल गाठी आणखीच उठून दिसायच्या. "उतरून राहिलंय बरं का," माय म्हणायची. उतरत काहीच नव्हतं.

गावाचं निदान एकच होतं, उष्णता. "पोरीच्या पोटात आग हाय" असं दहा जणींनी दहा वेळा सांगितलं. मग शेंगदाणे बंद झाले, गूळ बंद झाला, वांगं, अंडं, आंबा बंद झाला. अक्काच्या ताटात भाकरी, मुगाचं वरण आणि दुधीची भाजी. तिच्या वाट्याचा आंबा चार उन्हाळे मी खाल्ला, आणि तिच्यासमोर बसून खाल्ला. ती सकाळी उपाशीपोटी कडुलिंबाचा पाला वाटून काढलेला कडूजहर रस प्यायची आणि तोंड वाकडंसुद्धा करायची नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशातली गत. शाळेतल्या बाईंनी एकदा सगळ्या वर्गासमोर तिला सांगितलं की तोंड स्वच्छ धूत जा. त्या दिवसापासून ती दिवसातून सात-आठदा तोंड धुवायला लागली, कपड्याच्या साबणाने. टाचा घासायच्या वजरीने गाल घासायची, रक्त येईस्तोवर. आमच्या घरात तिच्याइतकं स्वच्छ कोणी नव्हतं आणि घाणेरडी म्हणून बोलणी मात्र तिनेच खाल्ली.

मीही काही कमी नव्हते. माझ्या वर्गातली एक पोरगी म्हणाली होती, "तुझ्या बहिणीचं लागतं म्हणे, चिकटतं." मी घरी आले आणि मोरीजवळच्या खिळ्यावर आम्हा दोघींचा एकच टॉवेल असायचा, तो ओढून घेतला. तिच्यासाठी मायचं एक जुनं लुगडं फाडून वेगळ्या खिळ्याला टांगलं. अक्काने ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तिने आपण होऊन उशीही वेगळी केली आणि पाणी प्यायचा पेलाही. हे लिहिताना मला आजही स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्या वाटतात.

बारावी झाल्यावर तिला बघायला पाहुणे येऊ लागले. पहिल्या पाहुण्यांतल्या एका बाईने पोह्यांची बशी खाली ठेवली, अक्काची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि तिचं तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं. बाजारात वासराचा जबडा उघडून दात बघतात ना, तसं. "हे काय हाय?" तिने विचारलं. माय म्हणाली, "उष्णता हाय, उन्हाळ्याची." तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. त्यांचा निरोप आला नाही. दुसऱ्यांचा आला, की मुलगी गुणाची आहे पण पोराच्या मनात नाही. तिसऱ्यांनी तर मधल्या माणसाला सांगितलं की धाकटीचा विचार असेल तर बोला. धाकटी म्हणजे मी. ते ऐकून आबा जेवणावरून उठून गेले, आणि अक्का मला म्हणाली, "तू काहून रडून राहिली? तुला तर पसंत केलं." ती चेष्टेने म्हणाली होती, पण मला ते टोचलं.

मी तेव्हा वसमतला अकरावीला होते, यष्टीने जायची यायची. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर स्टँडजवळच्या एका मेडिकलात शिरले आणि बहिणीच्या तोंडाचं सगळं सांगितलं. दुकानदाराने चेहरा न बघता, नाव न विचारता एक पांढरी छोटी नळी पुढे सरकवली. "सुबह-शाम लगाना. आठ दिन में साफ." नळीवर काय लिहिलंय ते मीही वाचलं नाही. डॉक्टरकडे जायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मुरमासाठी कोणी डॉक्टरकडे जातं का? डॉक्टर तापासाठी, विंचवासाठी, बाळंतपणासाठी.

आणि काय सांगू, आठही दिवस लागले नाहीत. चौथ्या दिवशी लाली उतरली, सहाव्या दिवशी गाठी बसल्या. अक्का आरशासमोरून हलेना. माय तिच्या गालावरून हात फिरवत राहिली. आबांनी मला भर अंगणात म्हटलं, "शिकलेलं माणूस घरात असलं तर असं बराबर काम व्हतं." मी हरभऱ्याच्या झाडावर चढले होते. त्या आठवड्यात अक्काने शेंगदाणे खाल्ले, गुळासकट.

पुढचे पाहुणे डोंगरकड्याचे. मुलाचं खताबियाण्यांचं दुकान, घरी ओलिताची शेती. त्यांनी अक्काला उजेडात पाहिलं, सावलीत पाहिलं आणि बसल्या बैठकीला होकार दिला. लग्न उन्हाळ्यात धरलं. त्याच उन्हाळ्यात हिंगोली परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे आमच्याकडे अजूनही ते वर्ष सांगायचं तर "अक्काच्या लग्नाच्या साली" म्हणतात. मधल्या चार-पाच महिन्यांत मी नळ्यांमागून नळ्या आणल्या. एक दिवस चुकला तरी अक्काचे गाल तापायचे, म्हणून चुकू द्यायचो नाही. कातडी पातळ होऊन राहिली होती, उन्हात गेली की तिची आग आग व्हायची, गालावर बारीक लाल शिरा दिसायच्या. आम्ही त्याला तेज म्हणालो.

आमच्या भावकीत नवरीला लग्नाच्या पाच दिवस आधी हळद लागते. घरच्या रानातली, पाच सवाष्णींनी जात्यावर दळलेली. एकदा ती लागली की लग्न लागेपर्यंत तोंडाला दुसरं काही लावायचं नाही, पावडरसुद्धा नाही, ते अशुभ. त्या साली हळद शिजवून, वाळवून झाली तेव्हा पॉलिशच्या ड्रममध्ये माल टाकण्याआधी आबांनी उकिडवं बसून एकेक हळकुंड निवडलं होतं. जाड, सरळ, मोडलं तर आतून केशरी. ती वेगळी पिशवी त्यांनी कुणाला हात लावू दिली नाही. "माझ्या लेकीला माझी हळद लागंल," म्हणाले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना वाटत होतं, इतकी वर्षं जे ओल्या हळदीने झालं नाही ते या हळदीने होईल.

हळद लागली त्या संध्याकाळी अक्काने मला चुलीमागे ओढलं. "नळी दे. आग होऊन राहिली गं." नळी माझ्या पिशवीत होती. मी म्हणाले, "हळद हाय, चावणारच. पाच दिवस दम धर. आता तर जमलंय ना सगळं." मायला विचारलं तर तीही हेच म्हणाली, आणि वर म्हणाली की हळदीवर काही लावशील तर वंगाळ होईल. अक्काने तिसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. मी पुन्हा नाही म्हणाले. मला अपशकुनाची भीती होती, आणि खरं सांगायचं तर आबांच्या हळदीवर माझाही विश्वास होता. कितीही कॉलेजात गेले तरी मी त्याच घरची होते.

लग्नात सगळ्या बाया म्हणाल्या, काय नवरीच्या तोंडावर लाली आलीय. मुंडावळ्यांखाली तिचे डोळे पाण्याने भरले होते, तेही सगळ्यांनी माहेर सुटतंय म्हणून चालवून घेतलं. मी पाठराखीण म्हणून तिच्यासोबत डोंगरकड्याला गेले. दुसऱ्या दिवशी तिथल्या बायांनी अंगणात पाटावर बसवून, ऊन पाण्याने तिची हळद उतरवली. पिवळं पाणी वाहून गेलं आणि खालून जे तोंड निघालं तसं तिच्या पंधराव्या वर्षीही पाहिलं नव्हतं. हनुवटीपासून कपाळापर्यंत गाठी, पिकलेल्या, फुटलेल्या, आणि मधली कातडी सोललेली. पाणी घालणाऱ्या बाईचा तांब्या हातातच राहिला. अक्काच्या सासूबाई ओसरीवर उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. अगदी हळू म्हणाल्या, "दाखवली येक अन् दिली येक."

मला वाटलं होतं मी भांडेन, माझं तोंड काही कमी चालत नाही. पण त्या म्हणत होत्या ते खोटं नव्हतं. मी फक्त पिशवीतली नळी काढून अक्काच्या मुठीत दिली. मोरीच्या आडोशाला जाऊन तिने ती लावली. आठवडाभरात तोंड निवळलं आणि सासरची माणसं गप्प झाली. पण अक्काला कळलं होतं की त्या घरातली तिची जागा कशावर उभी आहे. सकाळी लावायची, संध्याकाळी लावायची, सात वर्षं. बाळंतपणातसुद्धा तिने उशाखाली नळी ठेवली होती. मी डी.एड. करून वसमतलाच शाळेत लागले होते, आणि सणावाराला भेटायला गेले की साडी-चोळीआधी ती माझ्या पिशवीत तेच शोधायची. तिचं जग आक्रसलं होतं. उन्हात जायचं नाही, चुलीजवळ वाकायचं नाही, फोटो काढायचा नाही.

सातव्या वर्षी मी तिला नांदेडला चामडीच्या डॉक्टरकडे नेलं. त्या डॉक्टरीणबाई होत्या, वयाने अक्काहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांनी नळी हातात घेतली, वाचली, उलटून पुन्हा वाचली. मग विचारलं, "ही कोणी दिली?" अक्का म्हणाली, "आमीच घेतो दुकानातून." तिने माझं नाव घेतलं नाही.

बाईंनी समजावून सांगितलं ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतं. वयात येताना कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त काम करतात, बारीक छिद्रं बुजतात, हे सगळ्यांचंच होतं. पण काहींचं शरीर त्यावर चवताळून उठतं. आतल्या आत सूज धरते, लाली येते, ठणका लागतो. त्याला दाह म्हणतात. "मुरूम वर दिसायच्या आधीच तो आत सुरू झालेला असतो," त्या म्हणाल्या. "त्यात घाण नाही, पोटातली उष्णता नाही, आणि ते कुणाला चिकटत नाही." मी खाली बघितलं. "ही नळी स्टेरॉइडची आहे. तिने तुम्ही त्या दाहाचं तोंड दाबलं. दाबलं तोवर दिसला नाही, आणि कातडी मात्र खलास होत गेली. आधी आला असता तर पाच-सहा महिन्यांचं औषध होतं."

"पाच-सहा महिने?" अक्काने विचारलं. तिला आकडा नीट ऐकायचा होता. बाईंनी पुन्हा सांगितला.

आता काय करायचं तर नळी बंद. बंद केली की दोन-तीन महिने तोंड भयंकर उठेल, मग औषधांनी हळूहळू निवळेल. खड्डे राहतील. बाहेर आल्यावर अक्का बाकावर बसली आणि म्हणाली, "तीन महिने हे तोंड घेऊन मी त्या घरात न्हाई राहू शकत." म्हणून तिला मी माहेरी आणलं, तिच्या चार वर्षांच्या लेकीसकट. सासरी सांगितलं की मायची तब्येत बरी नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं की घरात आणखी कोणाला होतं का. आबांच्या गालांवर खड्डे होते, पण ते देवीचे, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मी सहज विचारलं. आबा शेतातून येऊन पाय धूत होते. "देवी कुठली," ते म्हणाले, "मलाबी अशीच मुरमं व्हती, लई ठणकायची."

"मग आजवर कधी बोलला न्हाई?"

"गड्याला कोण इचारतं?"

ते साधेपणाने म्हणाले होते. पण माझ्या हातात पातेलं होतं ते मी इतक्या जोरात आपटलं की माय धावत बाहेर आली. आबांना कळेना मी का चिडले. थोड्या वेळाने कळलं असावं, कारण ते ओसरीच्या खांबाला टेकून बसले आणि दिवे लागले तरी उठले नाहीत. त्यानंतर त्यांनी अक्काच्या नजरेला नजर देणं टाळलं.

ते तीन महिने मी विसरू शकत नाही. बाईंनी सांगितलं त्याहून वाईट झालं. अक्काला ओठ उघडून घास घेता येईना. माय सवयीने हळद घेऊन आली तेव्हा अक्का पहिल्यांदा ओरडली, "घेऊन जा ते!" एका दुपारी तिची लेक तिच्या मांडीत बसली होती. पोरीने एक बोट अगदी हलकं, टेकवलं न टेकवलं असं, आईच्या गालावरच्या मोठ्या गाठीवर ठेवलं आणि विचारलं, "मम्मी, दुखतं का?" अक्का तिच्याकडे बघतच राहिली आणि मग ढसाढसा रडायला लागली. अकरा-बारा वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो आणि मोकळे होतो. मी तर तिच्या शेजारी झोपत होते.

मधे एकदा दाजी, म्हणजे तिचे मालक, येऊन गेले. माणूस वाईट नव्हता, कधी हात उगारला नाही. ओसरीवर चहा पीत मला म्हणाले, "घरी समदं कळलंय. आई म्हणती, तोंड निवळलं की आणायला जा. तोवर घाई न्हाई." अक्का दाराआड उभी होती. ती बाहेर आली नाही आणि त्यांनीही आत डोकावलं नाही. जाताना लेकीच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन गेले.

सहाव्या महिन्यात तोंड शांत झालं. गाठी गेल्या, ठणका गेला, लाली फिकी पडली. राहिले ते खड्डे आणि काळपट डाग. कातडी पुन्हा कातडीसारखी दिसायला लागली. दाजींना निरोप धाडला आणि ते लगोलग जीप करून न्यायला आले. मायने लेकीसोबत द्यायला म्हणून धपाटे केले, आबांनी कोवळ्या निवडून शेवग्याच्या शेंगा बांधल्या. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. अक्का मात्र आतल्या खोलीत भिंतीवरच्या आरशासमोर उभी होती. तिने गालावर बोट फिरवलं, या गालावर, मग त्या. मला वाटलं ती खूश आहे.

"बरी दिसून राहिलीस," मी म्हणाले.

"आधी कशी दिसायची गं मी?"

"आधी म्हणजे?"

"हे समदं व्हायच्या आधी. तेरा-चौदा वर्षांची असताना. तू तर व्हतीस."

तिचा त्या वयातला एकही फोटो आमच्याकडे नाही. मी आठवून पाहिलं. तिचे केस आठवले, दोन वेण्या, निळ्या रिबिनी, बांगड्या फुटल्या तेव्हाचं तिचं रडणं आठवलं. गाल आठवताना मात्र गाठीच आठवल्या. तेवढ्यात बाहेर पुन्हा हॉर्न वाजला.

"लई छान दिसायचीस," मी म्हणाले.

अक्का आरशातून माझ्याकडे पाहत होती. "तुलाबी आठवत न्हाई," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेऊन बाहेर निघाली.